टीसी नाही म्हणून मूल परत पाठवू नका : सीमाभागातल्या सरकारी शाळांना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव सीमाभागातल्या सरकारी शाळांचे मुख्याध्यापक, शाळा विकास व देखरेख समितीचे (एसडीएमसी) अध्यक्ष व सदस्य, क्षेत्र शिक्षणाधिकारी आणि ग्रामपंचायतींचे विकास अधिकारी (पीडीओ) यांस,

विषय : ऊसतोड व इतर स्थलांतरित मजुरांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेण्याबाबत.

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी तीन मुलांना घेऊन आमच्या भागातल्या एका सरकारी शाळेत गेले होते. शाळेचं नाव लिहीत नाही. त्या शाळेवर राग काढावा म्हणून हे पत्र नाही, आणि तिथं जे झालं ते गावोगावी होतं हे मला माझ्या नोकरीतूनच ठाऊक आहे. मुलं ऊसतोड टोळीतली, बीड जिल्ह्यातून आलेली. थोरली मुलगी दहा वर्षांची. तिच्या पाठचा भाऊ आठचा. तिसरा त्यांच्या चुलत्याचा, सातेक वर्षांचा. मुलीच्या कडेवर आणखी एक होतं, दीड वर्षाचं. त्याला शाळेत घालायचं नव्हतं, पण आईबाप फडात, मग त्याला ठेवणार कुठं, म्हणून तेही आलं होतं.

मुलीच्या हातात एक कॅरीबॅग होती. तीत बालभारतीचं चौथीचं पुस्तक, अर्धी भरलेली एक वही आणि फडक्यात बांधलेली पाटी. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पाचटाचे चरे. शाळेच्या कमानीवर नाव दोन भाषांत लिहिलेलं होतं. वरची कन्नड ओळ तिनं नुसती पाहिली, मग खालची मराठी ओळ बोट हवेत फिरवत एकेक अक्षर करून मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर माझ्याकडं वळून म्हणाली, “बाई, ही तर मराठी शाळा हाये.”

मुख्याध्यापक सज्जन माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आहे का? नाही. आधार? आईकडं आहे, गावाकडं राहिलंय. “मग सॅट्सवर नाव कसं चढवू बाई? आणि चढवलं तरी मार्चमध्ये ही जाणार. म्हणजे माझ्या शाळेत तीन मुलं गळती म्हणून दिसणार. वरून विचारणा मलाच होणार.” सॅट्स म्हणजे कर्नाटक सरकारची विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद. मुख्याध्यापकांचा आवाज चढला नाही, आम्हाला त्यांनी हाकललं नाही. पण मुलांना वर्गात बसवलंही नाही. बाहेर क्षीरभाग्य या सरकारी योजनेचं दूध वाटणं चालू होतं. आठ वर्षांच्या पोराची नजर पेल्यांवरून हलेना. स्वयंपाक करणाऱ्या अक्कानं कुणाला न विचारता एक पेला भरून त्याच्या हातात दिला. त्यानं अर्धा पिऊन उरलेला बाळाच्या तोंडाला लावला. त्या सकाळी शाळेनं त्या मुलांना दिलं ते एवढंच, आणि तेही त्या अक्कानं आपल्या मनानं दिलं.

मी स्वतः तेहतीस वर्षं कृष्णाकाठच्या सरकारी मराठी शाळांतून शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. २०२४ साली निवृत्त झाले. त्यामुळे सॅट्स काय, यू-डायस ही देशभरच्या शाळांची सरकारी नोंद काय, पट कमी झाला की काय होतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आणि हेही कबूल करते की माझ्या पहिल्या काही वर्षांत मीही अशी मुलं परत पाठवली. “दोन दिवसांनी कागद घेऊन या” म्हणून सांगितलं. ती दोन दिवसांनी आली नाहीत. मलाही त्या वेळी त्यांच्या तळावर जाऊन बघावंसं वाटलं नाही. त्यातलं एकही तोंड आता आठवत नाही.

माझं स्वतःचं मात्र आठवतं. आमचं घर खानापूर तालुक्यातलं. १९७३ साली वडील गोव्यात डिचोली भागातल्या खाणीवर कामाला गेले आणि आई आम्हाला घेऊन मागून गेली. मी तिसरीत. गोवा त्या वेळी राज्यही नव्हतं, केंद्रशासित प्रदेश होता. भाषा वेगळी, नाणी-मापं सोडली तर सगळंच वेगळं. दाखला नव्हता. जन्मतारीख आईला सांगता येईना, ती म्हणाली, “शिमग्याच्या आधी झाली.” तिथल्या मराठी शाळेच्या मास्तरांनी माझ्याकडं वरून खाली बघितलं, म्हणाले, “यो, बस गो,” आणि पहिल्या रांगेतल्या मुलीला सरकायला सांगितलं. रजिस्टरात नाव त्यांनी त्याच दिवशी घातलं. दाखला खानापूरहून पोस्टानं यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी भागाकार शिकले. मास्तर दाखल्याची वाट बघत बसले असते तर मी खाणीच्या वाटेवर धाकट्या भावाला सांभाळत बसले असते, आणि हे पत्र लिहायला कुणी नसतं. म्हणून मी गप्प राहू शकत नाही.

आता कायद्याचं बोलू, कारण कागदाची अडचण पुढं करणाऱ्यांनी कायद्याचा कागदही वाचायला हवा. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम ५ सांगतं की मूल कोणत्याही कारणानं एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाऊ शकतं, राज्यातल्या राज्यात किंवा राज्याबाहेर. “राज्याबाहेर” हे शब्द कायद्यातच आहेत. त्याच कलमात म्हटलंय की टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, नाकारता येत नाही. उलट टीसी द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १४ सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नका. कलम १५ सांगतं, प्रवेशाची मुदत टळून गेली तरी नाकारू नका. कलम ४ सांगतं, मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवा आणि मागं पडलं असेल तर खास शिकवणी द्या. आणि कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची म्हणून जी कर्तव्यं मोजली आहेत, त्यांत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं, असं स्वतंत्र वाक्य आहे. आधारचं म्हणाल तर २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे सोमवारी आम्हाला विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं “नाही” असतानाही त्या तिघांना वर्गात बसवायला हवं होतं.

माझ्या तक्रारी पुढं लिहिते. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली तक्रार संगणकाच्या आडोशाची. “सॅट्स घेत नाही” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा आता राग येतो. सॅट्स कर्नाटकाचं, सरल महाराष्ट्राचं, हे खरं. पण दोन्हीकडची नावं शेवटी यू-डायस प्लसला जातात आणि तिथं प्रत्येक मुलाला देशभर चालणारा एकच कायमचा क्रमांक असतो. तिकडच्या शाळेनं नाव सोडलं की इकडची शाळा ते घेऊ शकते. तिकडचे गुरुजी नाव सोडायला कचरतात, कारण पट उतरला की शिक्षकाचं पद जातं. आपण नाव घ्यायला कचरतो, कारण मार्चमध्ये गळती दिसते. दोन शाळांच्या आकड्यांच्या भीतीत मूल मध्ये उभं. ते तिकडच्या हजेरीत आहे आणि इकडच्या फडात. रेशनचं धान्य आज बीडच्या कार्डावर बेळगाव जिल्ह्यात अंगठा लावून मिळतं. तांदळाला राज्याची हद्द आडवी येत नाही, मग इयत्ता चौथीला का यावी? संगणकावर नाव चढायला महिना लागो, कागदी हजेरीपटाला तर पेनच लागतो.

दुसरी गोष्ट, कुणाच्याच लक्षात येत नाही म्हणून मला जास्त सलते. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि मूल दुसऱ्या सत्राला मुकतं. आपल्याकडं दसऱ्याच्या सुटीनंतर दुसरं सत्र सुरू होतं आणि १० एप्रिलच्या आसपास संपतं. गळीत हंगाम नोव्हेंबरात धरतो आणि मार्चमध्ये पट्टा पडतो. म्हणजे टोळी जितके दिवस आपल्या शिवारात असते, ते सगळे दिवस आपल्या दुसऱ्या सत्रातच येतात. मुलाचं तिकडं बुडालेलं सत्र इकडं जसंच्या तसं भरून निघण्यासारखं आहे. देवानं जमवून दिल्यासारखं ते जमलंय. आणि आपण म्हणतो, “मध्येच आलेत, कसं घेणार?” दोन-तीन दिवसांचा पाहुणा असता तर बोलणं वेगळं. हे मूल चार-साडेचार महिने आपल्या गावात राहतं, आपल्याच विहिरीचं पाणी पितं.

तिसरी, भाषेची. इथं मी जरा थांबणार आहे, कारण इथं मला अधिकाऱ्यांइतकंच माझ्या मराठी माणसांशी बोलायचंय.

१ नोव्हेंबर १९५६ पासून आपण सीमाभागातली माणसं मराठीसाठी निवेदनं देत आलो आहोत. राज्यघटनेच्या कलम ३५०-अ चं नाव आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं असली की त्यांच्या भाषेत शिकवायची व्यवस्था करावी, हा १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेतला ठरावही आपण वेळोवेळी पुढं केला. मराठी शाळेला शिक्षक नाही, पट घटला म्हणून वर्ग बंद करतात, हे दुःख आपलं आहे. मग ज्या हंगामात आपल्याच शिवारात मराठी बोलणारी, बालभारतीचं पुस्तक पिशवीत घेऊन आलेली मुलं पालात बसलेली असतात, तेव्हा आपण त्यांना आपल्या पटावर का धरत नाही? आपल्या मराठी शाळेच्या एसडीएमसीत बसणारे आपलेच लोक असतात. त्यांतल्या काहींच्या तोंडून मी ऐकलंय, “ती ऊसतोड्याची पोरं, आपल्या पोरांत कशाला?” हे ऐकताना मला लाज वाटली. न कळणाऱ्या भाषेच्या वर्गात मूल कसं बसतं, हे देशात आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक आहे? ते पहिले आठ दिवस फळ्याकडं बघतं. मग बाईंच्या तोंडाकडं बघतं. मग खिडकीबाहेर. आणि एक दिवस येत नाही.

आणि ही गोष्ट फक्त मराठी मुलांपुरती नाही. आपल्या भागात विजयपूर-कलबुर्गीकडून कन्नड टोळ्या येतात. वीटभट्टीवर आणि बेळगाव शहरातल्या बांधकामांवर हिंदी बोलणारी कुटुंबं आहेत. वाट उलटीही वाहते. आपल्या जिल्ह्यातली माणसं आजही गोव्यात, पुण्यात, कोल्हापूर भागात कामाला जातात, त्यांची मुलं तिथल्या शाळांच्या दारात उभी असतात. जतच्या पूर्वेला महाराष्ट्रात कन्नड शाळा आहेत, म्हणून तिथल्या मुलाला दोन्हीकडं थोडा आधार मिळतो. मराठी मुलाला मराठी शाळेत आणि कन्नड मुलाला कन्नड शाळेत जागा करून द्यायला आपल्या भागासारखी सोय दुसरीकडं क्वचितच सापडेल. पुष्कळ गावांत दोन्ही माध्यमं एकाच आवारात आहेत. जे आपल्या वादाचं कारण झालं, त्याचाच या मुलांना उपयोग होऊ शकतो. फक्त एकानं दुसऱ्याच्या वर्गापर्यंत मुलाला हात धरून नेऊन सोडायला हवं.

मराठी शाळा नसलेल्या गावांत मात्र अडचण खरी आहे. तिथं कर्नाटकाचं मराठी माध्यमाचं पाठ्यपुस्तक आणि मुलानं आणलेलं बालभारतीचं पुस्तक, दोन्ही बाकावर उघडी ठेवून शिकवता येतं. गणित दोन्हीत तेच आहे. मी हे केलंय. गावात बारावी झालेली, घरी बसलेली एखादी मराठी मुलगी किंवा सून असतेच. तिला शिक्षकाच्या मदतीला म्हणून पाच महिने घेतलं तर खर्च काय येणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षण शक्य तितकं मातृभाषेत असावं असं म्हटलंय. शक्य तितकं म्हणजे निदान प्रयत्न करून पाहण्याइतकं तरी.

चौथी तक्रार कुणी लेखी देत नाही, म्हणून मी देते. ती मुलांच्या संरक्षणाची आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता, टोळीतलाच. त्याच्या बापानं टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली होती. हंगामाच्या मध्यावर बायको आजारी पडली, कोयता तुटला, खाडे वाढत गेले. उचल फिटेना. एका रात्री बाप बायकोला घेऊन कुठंतरी निघून गेला, मुलाला आजीपाशी ठेवून. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुटीत दोन माणसं मोटारसायकलवरून शाळेत आली. आम्हाला वाटलं कुणाचे पालक. ती सरळ जेवणाच्या पंगतीत गेली आणि त्या मुलाला उभं करून विचारू लागली, “तुझा बा कुठं गेला?” मुलाच्या हातात घास होता. तो त्यानं ताटात परत ठेवला. मी मध्ये पडले, माणसं निघून गेली, पण जाताना शिपायाकडून हजेरीपट बघून गावाकडचा पत्ता लिहून घेऊन गेली. हे मला संध्याकाळी कळलं. मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. त्या पत्त्यावर पुढं काय झालं असेल, याचा विचार आजही मनातून जात नाही.

त्या दिवशी शाळेनं मुलाला वाचवायला हवं होतं आणि शाळेनंच पत्ता दिला. शिपायाची चूक नव्हती. द्यायचा नाही, असं त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कर्जासाठी माणसाला कामाला बांधून ठेवणं १९७६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मुलाला धमकावून बापाचा ठावठिकाणा काढणं कुठल्याच कायद्यात बसत नाही. तरीही हंगामात मुकादमाचा माणूस शाळेच्या आवारात बिनधास्त येतो, कारण या मुलांच्या बाजूनं बोलणारं गावात कुणी नाही.

याच्याच जोडीला मुलींचं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. जोडी असली की उचल मिळते. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या पोरीचं लग्न हंगामाच्या तोंडावर उरकलं जातं. शाळेत रोज येणारी मुलगी चार दिवस दिसली नाही तर बाई विचारतात. जी हजेरीतच नाही तिच्याबद्दल कोण विचारणार? १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो, पण फडातल्या मुलीला भिंत दिसायला आधी फाटकातून आत यावं लागतं.

मुलगी शाळेत का येत नाही, याचं आणखी एक साधं कारण आहे : तिच्या कडेवरचं बाळ. अंगणवाडीनं ते बाळ घेतलं तर ती मोकळी होते. सोमवारी आमच्या बरोबरचं ते दीड वर्षाचं पोर आठवा.

शिक्षकांची बाजूही मला माहीत आहे. एकाच शिक्षकाला दोन-तीन वर्ग, त्यात निवडणुकीचं काम, गणनेचं काम, रोजची ऑनलाइन माहिती. जानेवारीत तीन नवी मुलं आली की नलि-कलीची, म्हणजे लहान वर्गांना एकत्र कृतीतून शिकवण्याच्या पद्धतीची, सगळी घडी बदलते. मूल आठ दिवस येतं, टोळी दुसऱ्या शिवारात हलली की चार दिवस दिसत नाही. मी हे सोसलंय. म्हणून मी शिक्षकाला दोष देणारी नाही. पण अधिकाऱ्यांनी त्याला दोन शब्द लेखी दिले पाहिजेत : हंगामी मूल मार्चमध्ये गेलं तर ते गळतीत धरणार नाही, आणि त्याच्या गुणांवरून तुझ्या शाळेचा निकाल मोजणार नाही. एवढं लेखी मिळालं तर सोमवारचे मुख्याध्यापकसुद्धा मुलांना आत घेतील, याची मला खात्री आहे. त्यांच्या डोळ्यांत मला नकार दिसला नाही, भीती दिसली.

दुसऱ्या देशातली एक गोष्ट सांगते, कारण ती वाचल्यापासून मी तिच्याशी आपली तुलना करत आले आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं १९७५ साली कायदा केला : परवान्याशिवाय देशात आलेल्या मुलांना शिकवण्यासाठी शाळांना सरकारी पैसा मिळणार नाही. टायलर नावाच्या गावच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला हजार डॉलर मागितले. त्यांचे आईबाप मेक्सिकोतून आलेले मजूर, कुठून देणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ च्या जूनमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की आईबापांच्या कृतीची शिक्षा मुलांना देता येणार नाही, सरकारी शाळेचं दार त्यांना उघडं असलंच पाहिजे. त्या मुलांकडं त्या देशाचा कागद नव्हता. आपल्याकडं बसलेल्या मुलांचा देश तर हाच आहे. बीडहून आपल्या जिल्ह्यातल्या अथणीला यायला परवाना लागत नाही. त्यांच्या आईबापांनी कुठलाच कायदा मोडलेला नाही. ते आपला ऊस तोडायला आलेत, आपल्याच बोलावण्यावरून.

आणि ऊस आपला आहे. माझ्याही घरचा दोन एकर आहे. त्याचं बिल आलं की मुलांची फी भरली जाते, दुचाकी घेतली जाते. तो तोडणाऱ्याचं पोर फाटकाबाहेर ठेवून आपण आपलं पोर आत पाठवतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

मूल ज्या दिवशी दारात येईल त्याच दिवशी त्याचं नाव कागदी हजेरीपटावर घ्या आणि त्याच दिवसापासून अक्षर दासोहात, म्हणजे शाळेच्या दुपारच्या जेवणात, त्याचं ताट धरा. कागद मागून येऊ द्या. ते मागवण्याचं काम शाळेनं करावं, फडातल्या आईनं नाही. ऑनलाइन नोंद होईपर्यंत मूल घरी बसणार नाही, असं परिपत्रक क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांनी दसऱ्याच्या सुटीआधी प्रत्येक शाळेला द्यावं. यंदा तो मुहूर्त टळला आहे, तेव्हा यंदाचं याच आठवड्यात द्यावं.

मुलं शाळेत यायची वाट बघू नका. कुठली टोळी कुठल्या गटात उतरली याची यादी कारखान्याच्या शेतकी खात्याकडं असते, चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या शिवारातल्या माणसाला, तर पाल न पाल ठाऊक असतं. हंगाम सुरू झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत पीडीओंनी ती यादी मागवावी आणि एक शिक्षक, एक अंगणवाडी ताई, एसडीएमसीचा एक सदस्य मिळून संध्याकाळी तळावर जावं. संध्याकाळीच, कारण दिवसा तिथं मुलांशिवाय कुणी नसतं. लहान बाळं अंगणवाडीनं घ्यावीत. मक्कळ ग्रामसभेत, म्हणजे मुलांच्या ग्रामसभेत, या मुलांनाही बोलावावं. त्यांना काय लागतं ते त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही.

शाळेच्या वेळात पालकांशिवाय कुणालाही मुलाची चौकशी करू देऊ नका, हजेरीपट दाखवू नका, पत्ता देऊ नका. मुकादम असो, कारखान्याचा माणूस असो, गावचा पुढारी असो. मूल फक्त आईबापांच्या किंवा त्यांनी सांगितलेल्या माणसाच्या हाती द्या. हा नियम शिपायापासून स्वयंपाकाच्या अक्कांपर्यंत सगळ्यांना तोंडी समजावून सांगा. कुणी धमकावलं तर पोलिसांत शाळेनं जावं, कुटुंबावर ढकलू नये.

वर्गात त्यांना वेगळं बसवू नका. “ऊसतोड्या” ही हाक बंद करा. कलम १७ मध्ये मानसिक त्रास देण्यालाही मनाई आहे, आणि त्या एका शब्दानं मूल जेवणाच्या पंगतीतून उठून गेलेलं मी पाहिलंय.

शेवटची मागणी जाण्याच्या वेळची. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी रातोरात ट्रॅक्टर भरून निघते. सकाळी शाळेत मूल नसतं आणि त्याच्या चार महिन्यांच्या शिकण्याचा कागदही कुणाकडं नसतो. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीसच प्रत्येक हंगामी मुलाचा दाखला तयार करून ठेवा : किती दिवस आलं, काय शिकलं, कुठं अडतं, मराठीत, त्याच्या तिकडच्या गुरुजींना वाचता येईल असं, शाळेच्या शिक्क्यानिशी. महाराष्ट्रात निघताना मुलाला शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आहे. ज्या मुलाकडं ते असेल त्यावरच नोंद करून द्या. नसेल तर साध्या कागदावर चालेल. आई तो कागद भांड्यांच्या बोचक्यात नाही, लुगड्याच्या घडीत ठेवते, मी पाहिलंय.

परवा तळावर जाऊन आले. मुलीनं विचारलं, “पुन्हा कधी जायचं?” मी सोमवार सांगितला. बाळासाठी जुनी चादर बरोबर घेते म्हणाली, म्हणजे ते वर्गाच्या कोपऱ्यात झोपेल आणि कुणाला त्रास होणार नाही. भावानं दूध मिळेल का विचारलं.

सोमवारी दहा वाजता, प्रार्थनेच्या आधी, मी त्या तिघांना घेऊन त्याच शाळेच्या फाटकाशी येते आहे. कृपा करून हजेरीपट काढून ठेवा.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
कृष्णाकाठ, बेळगाव जिल्हा